गच्चीवरची सुट्टी

"ओढतेस का?" मुकादमानं विचारलं.

"नाही."

"मग बस खाली. मशीन चालव."

झालं! धाकटी परत बसली. शिलाईच्या त्या कारखान्यात नियमच तसला होता. दुपारी गच्चीवर जायची सुट्टी फक्त सिगारेट ओढणाऱ्या बायकांना. का, तर म्हणे तलफ आली की हात थरथरतात, शिवण वाकडी जाते. न ओढणारीची शिवण सरळच जाते, मग तिला कशाला हवी सुट्टी? तिची पाठ मोडते, मान अवघडते, ते त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

आणि बाकीच्या सगळ्या जायच्या हां! काज करणारी उंच बाई, बटणवाली, इस्त्रीवाली, आणि सगळ्यांत पुढे कोण? धाकटीची सख्खी ताई.

ताई इथे लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. महिनाभरात तिच्या ओढणीला धुराचा वास. आईनं घर डोक्यावर घेतलं, "संगतीनं वाया गेली गं पोरगी!" ताई ओढणी धुवायला घेऊन गेली. आता धाकटी एकोणीसची. आईनं निघतानाच बजावलं होतं, "तू तरी नको."

"इथे सगळ्याच शिकतात," उंच बाई जिना उतरताना म्हणायची. चेहरा ताजातवाना, वेणी नव्यानं घातलेली.

"मी नाही शिकणार!"

"बघू की. पण वर यायचं तर आधी मुकादमाला तोंडावर सांगायचं, ओढते म्हणून. त्याशिवाय नाही. आमचा नियम आहे."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम!"

ताई गालातल्या गालात हसायची. धाकटीच्या अंगाचा नुसता तिळपापड.

त्या दिवशी मात्र हद्द झाली. पाठीत अशी चमक मारली की सुई बोटात घुसता घुसता राहिली. मुकादमाच्या खिडकीतून धुराचा वास आत येत होता, आणि वरून हसण्याचा आवाज. ताईचं हसणं! बस्स. आज तिच्या तोंडातली सिगारेट काढायची, सगळ्यांदेखत चुरगळायची, मग नोकरी राहो नाहीतर जावो. धाकटी उठली.

"कुठे?" मुकादम आडवा आला.

"वर."

"ओढतेस का?"

"हो, ओढते! काय म्हणणं आहे?"

मुकादम खूश. "लागली शेवटी! एकोणीसचीच ना तू? ताईलाही तेव्हाच लागली."

धाकटी धाडधाड जिना चढली. दार लाथेनंच उघडलं.

"टाक ती सिगारेट, ताई!"

ताईनं वळून पाहिलं. तिच्या दातांत केसांचे आकडे होते. ती बटणवालीची वेणी घालत होती. इस्त्रीवाली चटईवर पाय पसरून चक्क घोरत होती. आणि पलीकडे, मुकादमाच्या खिडकीच्या बरोबर वर, उंच बाई कठड्याशी उकिडवी बसली होती. समोरच्या कुंडीत मातीत रोवलेली एकच सिगारेट आपली आपण जळत होती आणि उंच बाई पुठ्ठ्यानं तिचा धूर खाली हाकत होती.

"सांगितलंस त्याला? तोंडावर?" तिनं मान न वळवता विचारलं.

"सांगितलं."

"मग धर हा पुठ्ठा. वारा पडलाय आज, जरा जोरात हाक."