नेहमीचा प्रश्न

पडदा वीतभर आखूड कापला गेला, म्हणून तर थोरली आज दवाखान्यात येऊन बसली होती. एरवी तिचा पाय इकडे वळला नसता. पडदे शिवायच्या त्या दुकानात कापडाला कात्री लावायची ती थोरलीनेच, आणि तिची कात्री चुकल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आज मात्र कापता कापता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कात्री भलतीकडेच गेली.

"कापड गेलं खड्ड्यात," धाकटी जाऊ म्हणाली. ती त्याच दुकानात मशीनवर बसायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालायचा. "महिना होत आला ताई, अंगावरून जातंय तुमच्या. चेहरा बघा, पांढराफटक पडलाय. अजून किती दुखणं अंगावर काढणार?"

"या वयात व्हायचंच असं."

थोरली सगळ्यांना हेच सांगायची. मनात वेगळंच होतं. मध्यंतरी काही महिने पाळी आलीच नव्हती, तेव्हा ती वेडी कुणालाही न सांगता जपून पावलं टाकत होती. मग सुरू झालं ते थांबेचना. ती मोरीत तोंड दाबून रडली. पण येतंय ना, म्हणजे दुकान अजून बंद झालेलं नाही, अशी तिने स्वतःची समजूतही घातली. डॉक्टरकडे जावं, तर पिशवी काढून टाका म्हणतील, शेजारणीला म्हणाले तसं. मग आशा करायला तरी काय उरलं? म्हणून ती गडद कपडे घालायची आणि जिना चढताना मधेच थांबून दम खायची.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली. गाठी पडतात का, कितीदा बदलावं लागतं, सगळं विचारून घेतलं.

"आठवड्याच्या वर गेलं की यायचं असतं हो. चक्कर येईपर्यंत वाट बघता? रक्त किती कमी झालंय!"

"पिशवी काढावी लागेल?" थोरलीने कसंबसं विचारलं.

"कोण म्हणालं? आधी कारण शोधू. पुष्कळदा गोळ्यांनीही थांबतं." डॉक्टरीणबाई खाली मान घालून तपासण्या लिहायला लागल्या. "दिवस गेले असण्याची शक्यता आहे का?"

धाकटी फिस्सकन हसली. "यांना? अहो डॉक्टर, यांच्या लग्नाला..."

"मी त्यांना विचारलं. अंगावरून जातंय म्हणून येणाऱ्या प्रत्येकीला विचारते मी. नेहमीचा प्रश्न आहे."

लग्नानंतर थोरलीला सासू हे विचारायची, मावश्या विचारायच्या, जिन्यात भेटणारी कुणीही विचारायची, आणि तिला अगदी नकोसं व्हायचं. मग एकेकीने विचारणं सोडून दिलं. शेवटचं कोणी विचारलं होतं, ते तिला आता आठवेना.

"ऐकू आलं ना?" डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"आलं," थोरली म्हणाली. "पण पुन्हा एकदा विचारता का?"