‘उपयोगी’ नावाचा कॉलम

शहरातले नळ अंगठा ओळखूनच पाणी सोडत. आज नागरिकांच्या नोंदींच्या टेबलात ‘उपयोगी’ हा नवा कॉलम जोडायचा होता; ज्याच्यापुढे ‘नाही’, त्याचा नळ बंद.

“जुन्या सगळ्या नोंदींत आपोआप ‘नाही’ पडू दे,” टिपरेसाहेब म्हणाले. “ज्याला पाणी हवंय, तो येऊन सिद्ध करेल.”

संगणकापाशी बसलेल्या कुमुदिनीच्या डोळ्यांपुढे अंथरुणाला खिळलेली आत्या आली. ती कुठली येतेय! एकदा भरलेली नोंद त्या माणसाच्या अंगठ्याशिवाय बदलत नसे, नियम साहेबांचाच. कुमुदिनीने कमांड लिहून एंटर दाबलं. नऊ लाख नोंदींत एका दमात ‘होय’ पडलं.

“हे काय करून बसलात, बाई?”

“कॉलम जोडला, साहेब. आता दारोदार हिंडा आणि ज्याचं पाणी तोडायचंय, त्याच्याकडेच अंगठा मागा.”