चार नंबरचं टेबल

“तोंडी ऑर्डर घेत नाही आम्ही, आजी. हा चौकोन स्कॅन करा,” नव्या वेटरने टेबलावर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

आजीबाईंनी पर्समधून फोन काढला. बटणांचा. त्यांनी पर्समधून खलबत्ता काढावा, तसा वेटर बघत राहिला.

“अरे बाळा, एक सूप आणि दोन टोस्ट. सांगितलं ना? झालं की!”

“सांगून होत नाही. स्कॅन केल्याशिवाय किचनला कळतच नाही.”

किचन हाकेच्या अंतरावर होतं. ते या बाईंनीच थाटलेलं. नवरा गेल्यावर एका शेगडीवर हॉटेल सुरू केलं आणि उभा जन्म टेबलाटेबलाशी जाऊन “काय देऊ?” विचारण्यात घालवला. वेटरला हे ठाऊक नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही. आज हॉटेल मुलाच्या नावावर करायचं होतं. दुपारी घरी येऊन सह्या घेतो, असं तो सकाळीच म्हणाला होता. सही करण्याआधी, इथे आलेल्या साध्या गिऱ्हाइकाच्या पोटात काही पडतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मुलगा या डिजिटल मेनूचे गोडवे गाताना थकत नसे. भाव बसल्या जागी वाढवता येतात. मेनूवर रश्श्याचे डाग नाहीत. संपलेला पदार्थ आपोआप गायब होतो. जुने वेटरही तसेच गायब झाले होते, पण तो विषय तो काढत नसे.

पलीकडच्या कॉलेजच्या पोरींना मात्र झटपट सगळं मिळालं. वर मान करायचीही गरज पडली नाही. शेजारचे गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून फोनशी झटत होते.

“सूप प्यायला जन्मतारीख कशाला हवी गं यांना?”

“द्या हो कुठलीतरी! भूक लागलीय,” बायको करवादली.

आजीबाई पाण्यावर पाणी पीत बसल्या. आधी भूक लागली होती, मग नुसता संताप झाला. आपल्याच हॉटेलात आपण उपाशी!

अखेर मुलगा घरी निघायला म्हणून वरच्या ऑफिसातून कागद घेऊन उतरला आणि दचकलाच.

“आई! तू कधी आलीस?”

“तास झाला.”

“काहीतरीच काय! मी वर स्क्रीनसमोरच बसलोय. चार नंबर टेबल अजून रिकामं दाखवतंय.”

“रिकामं?”

“अगं, तू स्कॅन केलं नसशील. सिस्टिम चुकत नाही कधी.” त्याने घाईघाईने कागद पसरले आणि पेन उघडून त्यांच्या हातात दिलं. “ते जाऊ दे. इथे सही कर बघू.”

आजीबाईंनी पेनाला टोपण लावलं. पर्स खांद्याला अडकवली आणि उठल्या.

“सिस्टिम चुकत नाही ना? मग सही करणार कोण? चार नंबरला तर कोणी बसलेलंच नाही.”