रीकेल्टच्या वाटणीचे बटाटे

धक्क्यावरून परतलेल्या लुबर्टाने पातेल्यात डोकावून पाहिलं. बटाटे दोघींपुरतेच होते. शाल न काढताच ती सुनेसमोर बसली.

रविवारी आमच्या गावात चूल पेटते, पण सुरीला कोणी हात लावत नाही. देवाच्या दिवशी काम करायचं नाही, म्हणून रविवारचे बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात ठेवायचे. संध्याकाळची घंटा थांबली की सुरी खणात. याबाबतीत कोणी वाकडं पाऊल टाकत नाही. निदान शेजारीण बघत असेपर्यंत तरी.

"आणि रीकेल्टचे?" लुबर्टाने विचारलं.

यानाने पुसलेली सुरी पुन्हा पुसली. काल समुद्रात वादळ झालं होतं. गावच्या बाकी सगळ्या बोटी आज दुपारपर्यंत धक्क्याला लागल्या. तिच्या नवऱ्याची, रीकेल्टची, लागली नाही, आणि बोटीच्या रेडिओवरून कालपासून एक अक्षर आलं नव्हतं.

"माझा हातच चालत नाही, आई. त्याचे सोलले आणि उद्या तसेच उरले तर? मला बघवणार नाहीत ते."

"आणि उद्या तो दारात उभा राहिला तर? आठवडाभर बोटीवरचं पाणचट सूप पिऊन येणार तो. त्याला काय वाढशील, स्तोत्र?"

यानाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू फुटलं. तिला रीकेल्ट हवा होता. आत्ता, या टेबलाशी, ओल्या लोकरीच्या वासासकट. कुस्करलेल्या बटाट्यात काट्याने खड्डा करून त्यात रस्सा ओतणारा आणि तो टेबलावर सांडणारा. सकाळपासून प्रार्थनेला बसलं की तिच्या तोंडून तेवढंच निघत होतं, तो हवाय. पुढचे शब्दच सुचत नव्हते.

"तुम्ही बाबांचे सोलले होते?" तिने विचारलं.

रीकेल्टचे वडीलही असेच एका शनिवारी यायचे होते. ते गावाला माहीत होतं. या घरात मात्र त्यावर कोणी बोलत नसे.

"सोलले तर."

"पण ते आले नाहीत."

"नाही आले. सोमवारी मी ते बटाटे लोण्यात परतले आणि रडत रडत खाल्ले. पुढच्या शनिवारी पुन्हा माझ्या माणसाचे सोलले." लुबर्टाने शाल सोडली. "भीती अशीच समोर येऊन बसायची बघ, तू बसलीस तिथंच. म्हणायची, बाई, तुझे आणि पोराचेच सोल. मी म्हटलं, माझ्या पातेल्यात किती पडायचे ते तू कोण सांगणार? माझा माणूस मी देवाच्या हातात दिलाय. परत द्यायचा की ठेवून घ्यायचा, ते तो बघेल. सोलायचं काम माझं."

"आणि देवाने ठेवून घेतलं."

"घेतलं. त्यावरून आमचं भांडण आहे, अजून मिटलेलं नाही. रोज संध्याकाळी बोलते मी त्याच्याशी. पण माझा माणूस मी त्याच्याच हातात दिला, पोरी. भीतीच्या हातात नाही दिला."

यानाने सुरी टेबलावर ठेवली. मग उठून तिने पोत्यात हात घातला आणि मोठे मोठे बटाटे निवडून काढले. रीकेल्टला मोठेच लागत. सालं जाड निघत होती. एरवी लुबर्टाने त्यावरून चार शब्द ऐकवले असते. आज तिने नुसती सालं गोळा केली.

"देवा, त्याला तुझ्या हातात ठेवलंय," याना सुरीकडे बघत पुटपुटली. सालं अजून जाडच निघत होती, पण हात थांबत नव्हते.

शेवटचा बटाटा पाण्यात पडला आणि घंटा सुरू झाली. यानाने झाकण उचललं. तेवढ्यात लुबर्टाने पोत्यातून आणखी एक बटाटा काढून तिच्यापुढे धरला.

"आता हा कोणाचा, आई?"

लुबर्टाने तोंड खिडकीबाहेरच्या समुद्राकडे फिरवलं.

"विचारू नकोस. सोल. घंटा थांबेल."

यानाने सोलला. पातेलं इतकं भरलं की झाकण बसेना. तिने ते तसंच तिरकं ठेवलं.