त्याच हाताने

आमच्या नातीला नळापासून ओढून आणावं लागतं. सोवळं मीही पाळलं, पण कातडी सोलवटेपर्यंत हात धुतले नाहीत. ओरडून झालं, नवस बोलून झाले; आता मला काही वाटेनासंच झालंय.

हात धुतले नाहीत तर आजी मरेल, असं तिच्या मनाने घेतलंय. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "खरं की खोटं, करून बघूया."

आज बाईंसमोर तिने दाराची कडी धरली आणि तशाच हाताने मला भाकरीचा घास भरवला. मी चावला, गिळला. चव काही कळली नाही. ती रडवेली होऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"मेले नाही गं, बये," मी म्हटलं. "नुसती कोरडी भाकरी कोण खातं? त्याच हाताने चटणी वाढ."