सहापैकी सहा

बबनराव सरपंचांनी गळ्यात हार घातला तेव्हा हरिदास गुरुजींची मान खालीच होती. लोकांना वाटलं, किती साधा माणूस.

आर्वीच्या बाजारात त्या दिवशी चौथीच्या निकालाचा कागद लागला होता. शाळेचं नाव आणि पुढं टक्के, बस. किती मुलं बसवली ते कोणी लिहीत नाही आणि कोणी विचारतही नाही. गुरुजींची शाळा सगळ्यात वर होती. शंभर टक्के.

मागच्या साली, त्रेपन्नला, हीच शाळा तळाला होती. एकोणीस बसवले, सात पास निघाले. मग काय, गावानं गुरुजींना उभं सोललं. नऊ पोरं शेजारच्या गावी गेली. बबनराव तोंडावर म्हणाले, "आणखी एक साल असं झालं, तर शाळा उठली समजा."

तेव्हा नापास झालेल्यांत भागीरथेची पंचफुला होती. पण भागीरथा तिच्या बाजूनं उभी राहिली. "शाळाच खराब हाये, पोरीचा काय कसूर?" असं म्हणून तिनं लेकीला पुन्हा चौथीत बसवलं. कापूस वेचायलाही नेलं नाही.

यंदा परीक्षेला कोणाची नावं पाठवायची, हे गुरुजींच्याच हाती होतं. हमखास निघतील अशी सहा त्यांनी पाठवली. अकरा मागं ठेवली. पंचफुला काठावरची. बसवली असती तर निघालीही असती. "गुरुजी, मले बसू द्या ना," म्हणत ती दोन दिवस दाराशी उभी होती. गुरुजींचा जीव तुटला, पण नाव पाठवायचा धीर झाला नाही.

लोक पांगल्यावर भागीरथा आली. गुळाचा खडा गुरुजींच्या हातावर ठेवून पाया पडली.

"मागच्या साली म्या तुमाले नाई नाई ते बोललं, गुरुजी. माफी करजा. शाळा चांगली हाये, कागदावरच आलं."

"बाई, ऐका. पंचफुला हुशार आहे. तिचं नाव मीच..."

बबनराव शेजारीच उभे होते. त्यांच्याकडं नजर जाताच गुरुजी गळ्यातला हार सारखा करू लागले.

"समजूत नका काढू, गुरुजी," भागीरथा म्हणाली. " एवढ्या चांगल्या शाळेनं जिले बसवलं नाई, तिच्यातच खोट असंन. उद्यापासून तिले वावरात नेतो."