अहो

“अहो!”

पार्कच्या फाटकातून आत शिरता शिरताच सुप्रभानं हाक मारली. चार वाजत आले होते, आणि विलायतेतल्या एजवेअरमधला डिसेंबर म्हणजे दिवस संपल्यातच जमा. जयंतरावांचा कोट तिच्या हातात होता. तो खुंटीवरच राहिला होता. घरातून गेले होते ते जयंतराव आणि कुत्रा. ती पलंगपोस बदलायला वर गेली होती आणि दाराची वरची कडी लावायची विसरली होती. स्वतःलाच शिव्या घालत ती तळ्याकडे धावली.

“अहो! अहो!”

समोरून ब्रायन आला. तीन घरं सोडून राहणारा, रोज आपल्या स्पॅनियलला फिरवणारा. ‘आहो’ हरवला का, असं त्यानं विचारलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, कारण कुत्र्याचं नावही तेच होतं.

तसं त्याच्या कातडीखालच्या नोंदणीच्या चिपमध्ये नाव ऑस्कर आहे. लेकीनं, ईशितानं, पिल्लू आणलं तेव्हा हौसेनं ठेवलेलं. पण घरात दिवसभर ऐकू येणार ते ‘अहो, चहा झाला’ आणि ‘अहो, पोळी गरम आहे तोवर या’. या शब्दामागून खायला मिळतं, हे त्या लबाडाला लगेच कळलं. हाक मारली की आधी कुत्रा स्वयंपाकघरात हजर, मागून जयंतराव. ऑस्कर म्हटलं तर ढिम्म हलायचा नाही. जयंतराव तेव्हा ठणठणीत होते. नावाचा अर्थ विचारणाऱ्या प्रत्येकाला ते ऐटीत सांगायचे, याचा अर्थ ‘सर’, पण म्हणायचं फक्त बायकोनं. ब्रायन तेव्हा पोट धरून हसला होता.

आता तो काळजीनं विचारत होता, आणि सुप्रभाच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. हो, कुत्रा हरवलाय.

नवरा हरवलाय, हे तिच्यानं म्हणवेना. ज्या माणसानं उभी हयात हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल दिली आणि नीट जागं करून घरी पाठवलं, तोच घरचा रस्ता विसरतो, हे कुणाला कसं सांगायचं? कार्डिफहून ईशिता रोज फोनवर डोकं खायची, “आई, नेबर्सना सांग ना. बाबाला डिमेन्शिया आहे. इट्स नॉट अ सीक्रेट.” सुप्रभा विषय बदलायची. एक गोष्ट तर तिनं ईशितालाही सांगितली नव्हती. हल्ली जयंतराव तिला ‘तुम्ही’ म्हणत होते. आज सकाळी चहाचा कप घेताना त्यांनी अदबीनं विचारलं होतं, “तुम्ही लांबून येता का?”

ब्रायननं बाबागाडीवाल्या बाईला थांबवलं, धावायला आलेल्या दोघांना सांगितलं. बघता बघता पार्कभर हाका सुरू झाल्या. आहो! आऽहो! लग्न झाल्यापासून जो शब्द तिनं एकाच माणसासाठी राखला होता, तो आता परकी माणसं अंधारात ओरडत होती. तिला लाज वाटत होती, रागही येत होता, आणि कुणी थांबू नये असंही वाटत होतं.

टेनिस कोर्टामागून कुत्रा आला. पट्टा चिखलातून ओढत, एकटाच.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रायननं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि स्पॅनियलला घेऊन तो घरी गेला. बाबागाडी गेली, धावणारे धावत गेले. त्यांना परत बोलवायला सुप्रभानं तोंड उघडलं आणि मिटलं. अब्रू राहिली होती, नवरा गेला होता.

कुत्रा आला त्या दिशेनं ती निघाली. कोर्टाच्या पलीकडे मागचं फाटक, त्याच्या बाहेर मोठा रस्ता. “अहो!” ती ओरडली. कुत्रा येऊन पायाला चिकटला. ती पुन्हा ओरडली. तो शेपटी हलवत वर बघू लागला.

“तू नाही रे,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

फाटकाबाहेर आली आणि जयंतराव दिसले. फुटपाथच्या पार टोकाला, बसस्टॉपवर, नुसत्या स्वेटरमध्ये. बस येत होती आणि त्यांनी हात वर केला होता. तिनं पळायला सुरुवात केली. “अहो!” त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तो शब्द आता कुत्र्याचा झाला होता.

बसचं दार उघडलं. त्यांनी पाय उचलला.

“जयंत!”

हे नाव तिनं उखाण्यात घेतलं होतं, जीपी डॉक्टरांच्या रिसेप्शनवर स्पेलिंगसकट सांगितलं होतं. हाक म्हणून कधीच घेतलं नव्हतं.

त्यांचा पाय खाली आला. ते वळले. ड्रायव्हरनं थोडी वाट पाहिली आणि बस निघून गेली.

ती धापा टाकत पोचली तेव्हा ते कपाळाला आठ्या घालून उभे होते. स्टॉपवर कानात हेडफोन घातलेली एक मुलगी होती आणि पिशव्या सांभाळणारी एक गोरी म्हातारी. दोघींना मराठीचं अक्षरही कळणार नव्हतं. तरी ते दबक्या आवाजात म्हणाले,

“नावानं काय हाक मारतेस? चारचौघांत?”

मारतेस, असं म्हणाले ते. सुप्रभाला रडू आवरेना. तिनं कोट त्यांच्या खांद्यावर घातला, बटणं लावायला हात पुढे केला. ती त्यांनीच लावली.

“चुकलं,” ती म्हणाली. “अहो, चला घरी.”

नेहमीप्रमाणे कुत्रा आधी निघाला. मागून जयंतराव.